मराठीत तग धरण्याची पुस्तकं नाहीत म्हणे. मग आपण इतकी वर्षं काय वाचत होतो?

गोदाकाठ
परवा आपल्या नाशिकच्या वाचनगटात एकाने नव्या इंग्रजी पुस्तकांची यादी टाकली. हल्ला, आजार, युद्ध, तुरुंग यांतून वाचलेल्या माणसांची आत्मकथनं. यादीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खाली लिहिलं होतं, "मराठीत असं लिहिलंच जात नाही. आपली आत्मकथनं म्हणजे रडगाणी, त्यातून घेण्यासारखं काही नसतं." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

नाशिकमध्ये बसून हे लिहायला हात कसा धजावला? जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली तिथल्या. बालपण वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या वेडात गेलं, लहान वयात लग्न झालं, नवरा मनात आलं की घर सोडून निघायचा. १८९५ साली त्याने धर्म बदलला आणि ही बाई लेकराला घेऊन वेगळी राहिली. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं ती हसत सांगते, आणि आपण वाचता वाचता मध्येच थांबतो, कारण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे उशिरा लक्षात येतं. प्रकरणाच्या शेवटी चौकटीत "या प्रसंगातून तुम्ही काय शिकलात?" असं ती विचारत नाही.

सलमान रश्दींचं 'नाइफ' मीही वाचलं. १२ ऑगस्ट २०२२ चा हल्ला, २७ सेकंद, उजवा डोळा गेला. चांगलं पुस्तक आहे, कारण तो माणूस भीतीसकट समोर उभा राहतो. मग 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो तेव्हा वेगळं काय करतो? परक्याने सांगितलं की धैर्य आणि आपल्याने सांगितलं की रडगाणं, हे मला मान्य नाही.

यादीवाला
यादी माझी. "रडगाणी" हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकीचं मागे घेत नाही.

ताई, मी "नवी पुस्तकं" म्हटलं होतं. 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकातलं. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'उचल्या' १९८७. दर वेळी हीच नावं येतात. आजच्या माणसाचं काय? २०२० साली अंबडची माझी नोकरी गेली. सिडकोत एका खोलीत बायको, दोन वर्षांची मुलगी आणि मी. तेव्हा व्हिक्टर फ्रँकलचं छळछावणीवरचं पुस्तक हाती आलं. रोज रात्री दहा पानं. त्या दहा पानांवर दुसरा दिवस निघायचा. मराठीत त्या वेळी मला काय मिळालं असतं, सांगा.

गोदाकाठ
ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. २००३.

यादीवाला
म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. माझाच मुद्दा झाला.

निवृत्त मास्तर
दोघांचंही चुकतंय. या सगळ्या पुस्तकांत मूळ खोट अशी की ती जिवंत वाचलेल्यांनी लिहिलेली असतात. बुडालेला माणूस पुस्तक लिहीत नाही. फ्रँकल स्वतः कबूल करतो की आमच्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आलेच नाहीत. त्याची आई, वडील, भाऊ, बायको, सगळे छावण्यांत गेले. त्यांना काय जीवनाचा अर्थ सापडला नव्हता? हे वाक्य लोक गाळतात आणि "मनात आणलं तर माणूस काहीही सोसतो" एवढंच घेऊन बाहेर पडतात. मग जो कोसळला त्याचाच दोष ठरतो. छत्तीस वर्षं शिकवलं. नापास मुलाला "जिद्द कमी पडली" म्हणणारे पालक मी रोज पाहिले. घरात दिवा नसायचा, ते कोणी बोलायचं नाही.

रात्रपाळी
सर, बुडालेला माणूस पुस्तक लिहीत नाही हे खरं नाही. पॉल कलानिथी मेंदूचा सर्जन होता. कॅन्सर झाला, मरता मरता लिहीत राहिला, २०१५ मध्ये ३७ व्या वर्षी गेला. पुस्तक २०१६ साली आलं. शेवटचं प्रकरण त्याला लिहिता आलं नाही, ते बायकोने लिहिलं.

मी नर्स आहे, अकरा वर्षं आयसीयूत. नातेवाइकांना मी हे पुस्तक देते. बरं होण्याचा उपाय म्हणून देत नाही. व्हेंटिलेटर काढायचा का, हा प्रश्न घरात मोठ्याने बोलायला कुणाकडे शब्द नसतात. पुस्तकात ते दिसतात. मराठीत तो संवाद मला कुठे सापडत नाही, म्हणून या बाबतीत मी यादीवाल्यांच्या बाजूने.

निवृत्त मास्तर
ठीक. एक अपवाद मान्य.

शब्दखुंटी
मी भाषांतर करते, म्हणून माझं दुखणं मांडते. "रेझिलियन्स", म्हणजे संकटातही टिकून राहणं, याला मराठीत एका शब्दात काय म्हणायचं? मागच्या वर्षी एका पुस्तकात मी "तग" लिहिलं. संपादकांनी सगळीकडे "लवचीकता" केलं. दोनशे ऐंशी पानं. युद्धात घर गेलेली बाई "लवचीक" होती म्हणे! लवचीक वेताची छडी असते, कसरतपटू असतो. तीन मुलं घेऊन सीमा ओलांडणारी बाई चिवट असते. मी भांडले तर उत्तर आलं, "कोशात तसं आहे." कोशात अर्थ असतो ताई, पण शब्द तोंडात कसा बसतो ते कोशात नसतं. आणि हे पानाला मिळणाऱ्या पैशात, जे सांगायची लाज वाटते. मराठी वाचक म्हणतो भाषांतरं वाचवत नाहीत. कशी वाचवतील?

सातपूर टूलरूम
लवचीक तर नकोच. स्प्रिंग दाबली की परत जागेवर येते, माणूस येत नाही. आमच्याकडे छिन्नीला पाणी देतात. लाल करून पाण्यात बुडवली की कडक होते. पण तशीच वापरली तर पहिल्या घणाला तुकडा उडतो. परत हलकी तापवून रंग बघत उतरवावी लागते, मग टिकते. या पुस्तकांत आग आणि पाणी भरपूर असतं. नंतरचं तापवणं कुणी लिहीत नाही.

पिंपळगावचा बागवाला
"तग" वरून आलो. हा शब्द आमचा आहे. कलमाने तग धरली म्हणतो आम्ही. डॉगरिज या चिवट वेलीचा खुंट लावायचा, मुळी धरली की त्यावर थॉमसन या द्राक्षाची काडी पाचर मारून बांधायची. खारं पाणी, कमी पाणी खालचा खुंट सोसतो, वर द्राक्ष गोड येतं. थॉमसन स्वतःच्या मुळीवर असली तर दुष्काळात आधी तीच जाते. तग वरच्या काडीची नसते, खुंटाची असते. पुस्तकं सगळी वरच्या काडीची.

वाचतो मीही. बायको 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या फिरत्या पुस्तकपेटीतून आणते. त्यातली दोन-तीन अशी पुस्तकं चाळली. "ज्ञान हेच बळ" असं त्यात असतं, पण ज्ञान कुठंय त्यात? ज्ञान असं असतं बघा. बोर्डो, म्हणजे बुरशीवरची तांब्याची फवारणी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवायचं आणि प्लॅस्टिकच्या टाकीत एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात नाही. मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, पान जळणार. अजून चुना. पातं स्वच्छ निघालं की मारायचं. हे माझ्या वडिलांनी १९८८ पासून वहीत लिहून ठेवलंय. सतरा वह्या. फुलोऱ्यात पाऊस आला तर काय, दव किती वाजता सुटलं, कुठल्या औषधाने डावणी हा बुरशीचा रोग थांबला नाही. २०१० ला युरोपात माल अडकला, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश निघाले म्हणून. त्या वर्षी कुणाच्या बागेत काय मारलं गेलं हे सगळे आठवत बसले होते. वडिलांनी वही उघडली, तारखेसकट दाखवलं. याला म्हणतात जगण्याचं पुस्तक. ते कुणी छापत नाही.

निवृत्त मास्तर
बागवाले, वडिलांबद्दल आदर आहे. पण फवारणीची नोंद म्हणजे आत्मकथन नव्हे. शब्दाला काही मर्यादा असते. उद्या किराणा मालाची यादीही वाङ्मय होईल.

पिंपळगावचा बागवाला
किराण्याची यादी कुणाचं घर वाचवत नाही मास्तर. तुम्हाला पगार होता, पेन्शन आहे. गार पडली तर तुमची पेन्शन जमिनीवर पडत नाही.

गोदाकाठ
वैयक्तिक नको. दोघांनाही विनंती.

यादीवाला
ताई, वैयक्तिकच आहे हे. सुरुवातही तशीच झाली होती, रात्री झोप न लागण्यापासून.

पिंपळगावचा बागवाला
मार्च २०१४ ची वही सांगतो. माल काढणीला आठ दिवस. वहीत त्या तारखेला एवढंच, "गार. १० मिनिटं. बाग गेली." दुसऱ्या दिवशी, "काडीला जखमा. बोर्डो मारला. मजूर ६." जखमेतून रोग शिरतो म्हणून तांबं मारायचं, पुढच्या वर्षीची काडी वाचते. ज्या दिवशी सगळं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस पुढच्या वर्षाची तयारी करतोय. आता सांगा मास्तर, कुठल्या इंग्रजी पुस्तकात हे आहे.

रात्रपाळी
दादा, वाचून अंगावर काटा आला. तरी एक विचारते, रागावू नका. त्या दोन तारखांच्या मधली रात्र वहीत कुठे आहे? तुमचे वडील जेवले का, कुणाशी बोलले का? ते तुम्हाला तरी माहीत आहे का? मी ज्यांना सांभाळते त्यातली निम्मी माणसं दुसऱ्या दिवशीची कामं बरोबर करतात. रात्रीचं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं, कलानिथीने लिहिलं. वहीत ते नाही, आणि त्याची किंमत लागते.

पिंपळगावचा बागवाला
तुम्हाला शेती कळत नाही ताई. आमच्याकडं रात्री बोलत बसत नाहीत.

शब्दखुंटी
तेच तर त्या म्हणताहेत.

सातपूर टूलरूम
वहीतलं तुम्हाला कळतंय कारण तुम्ही बाजूला उभे होता. परक्याला नुसता मोरचूद दिसेल. कुणीतरी बाजूला बसून लिहायला हवं, एवढं मला ताईंचं पटतं. पण मास्तर "वाङ्मय नाही" म्हणतात ते अजिबात पटत नाही.

निवृत्त मास्तर
मी वाङ्मय नाही म्हटलं, निरुपयोगी म्हटलं नाही. शब्द नीट वाचावेत.

गोदाकाठ
सर, इथले जुने लोक गोदेला पूर आला की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. १९६९ चा पूर आई आम्हाला मारुतीच्या मापाने सांगायची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं तेव्हा तेच माप आठवून आम्ही खालच्या खोलीतली धान्याची पिंपं वर नेली. ते ज्ञान लिहिलेलं नव्हतं आणि कोणाचं आत्मकथनही नव्हतं. पण आईला ते तिच्या भीतीसकट आठवत होतं, म्हणून ते आमच्यापर्यंत आलं. माझं म्हणणं एवढंच होतं की लक्ष्मीबाई हेच करतात. नवं पुस्तक कमी आहे, हे मात्र यादीवाल्यांचं बरोबर आहे. मला मान्य करायला आवडत नाही, पण गेल्या पाच वर्षांतलं एक नाव पटकन सुचलं नाही.

यादीवाला
धन्यवाद. मीही 'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरतंच वाचलंय. सार्वजनिक वाचनालयातून काल आणलं. पन्नास पानं झाली. बाई जबरदस्त आहे.

पिंपळगावचा बागवाला
काल रागाच्या भरात लिहिलं. रात्रपाळीताई, माफ करा.

ते वहीत नाही, हे खरं आहे. गारेच्या वर्षी आमच्या बांधाला लागून ज्यांची बाग होती, ते गेले. एप्रिलची खरड छाटणीसुद्धा पाहिली नाही त्यांनी. वडिलांपेक्षा चार वर्षांनी लहान. बोर्डो त्यांनाही येत होता, वडिलांनीच शिकवला होता. विळ्याचं पातं त्यांच्या टाकीतसुद्धा बुडायचं. वडिलांच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. सतरा वह्यांत कोरं पान तेवढं एकच. त्यावर वडील कधी बोलले नाहीत आणि २०१९ ला तेही गेले. दोघं बांधावर बसून एकदा जरी बोलले असते तर, असं मनात येतं. पुस्तकाने ते झालं असतं का, सांगता येत नाही. तुमच्यासारखं विचारणारं कुणी असतं तर कदाचित.

रात्रपाळी
माफी कसली दादा. तुम्ही लिहिलंत हेच खूप.

शब्दखुंटी
बागवालेदादा, वह्या कशा अवस्थेत आहेत? चांगल्या असतील तर फोटो काढून, टंकून, तुम्ही शेजारी बसून प्रत्येक तारखेबद्दल जे आठवेल ते सांगायचं, असं करता येईल. मला पैसे नकोत. "लवचीकता" न लिहिता एक पुस्तक करायचंय.

यादीवाला
माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. रविवारी येऊ का?

पिंपळगावचा बागवाला
चार वह्यांना वाळवी लागलीय, बाकी चांगल्या. रविवार नको, डिपिंग आहे, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, सगळे मजूर असतात. मंगळवारी या, दहाच्या आत. नंतर ऊन चढतं.

निवृत्त मास्तर
मीही येईन, चालत असेल तर. एक अट आहे. वडिलांचं शुद्धलेखन दुरुस्त करू नका. ऱ्हस्व-दीर्घ जसं आहे तसं राहू द्या. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या लाल केल्या, ही करवणार नाही.

पिंपळगावचा बागवाला
या मास्तर. सोळा वह्या काढून ठेवतो. २०१४ ची घरातच राहील.