"ताई, नागपूरला भूकंप होत नाही" म्हणून तळमजल्याच्या भिंती पाडायच्या का?

नंदनवनकर
रविवारी आमच्या अपार्टमेंटची सभा झाली. चार मजली इमारत, 2006 ची. तळमजल्यावर पार्किंग आहे आणि मागच्या बाजूला विटांच्या दोन जुन्या खोल्या. गाड्या वाढल्या म्हणून त्या खोल्या पाडून सगळा तळमजला मोकळा करायचा ठराव आला. मी एवढंच म्हटलं की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू, जमीन हलली तर वरचे चार मजले नुसत्या खांबांवर राहतील. लगेच उत्तर आलं, "ताई, आपण भूकंपाच्या नकाशात झोन 2 मध्ये आहोत, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. नागपूरला भूकंप होत नाही." हात वर झाले, ठराव मंजूर.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. 2024 च्या मे महिन्यात, अगदी सुरुवातीला, आपल्या जिल्ह्यात सलग तीन दिवस धक्के नोंदले गेले, 2.4 ते 2.7 तीव्रतेचे. त्याच वर्षी 4 डिसेंबरला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूला 5.3 चा झाला, तेव्हा मी ओट्याशी होते. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. गॅसवरचं दूध अजून तापलंही नव्हतं, ते पातेल्यात एका बाजूला कललं आणि परत आलं. मुलुगू इथून काही शेजारी नाही.

किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन 1 मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. 30 सप्टेंबर 1993 ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 2002 ला नकाशा सुधारला तेव्हा झोन 1 हा प्रकारच काढून टाकला. कोयनेच्या 1967 च्या भूकंपानंतरही नकाशा बदलावा लागला होता. आधी माणसं जातात आणि मग नकाशा बदलतो, तर त्याच नकाशाच्या जोरावर भिंती कशा पाडायच्या? मला वाटतं, छोट्या धक्क्यांनी घाबरू नये, पण झोनचा आकडा दाखवून तपासणीही टाळू नये.

दगडमाती
ताई, तपासणीला माझा विरोध नाही, मांडणीला आहे. मी भूशास्त्र शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं याच भागातले दगड बघत हिंडलो. 2.7 आणि किल्लारीचा 6.2 एका दमात घेतले की वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही जवळजवळचे. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. या दोघांत साडेतीन अंकांचं अंतर आहे, म्हणजे पावणेदोन लाख पटींच्या आसपास. 2.7 चा धक्का जवळच्या दोन-चार गावांत जाणवला तर जाणवला.

दुसरं, भूकंपात पायाखाली काय आहे ते फार महत्त्वाचं. 2001 ला भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या, कारण तिथे नदीच्या गाळाचे जाड थर आहेत आणि गाळात हादरा वाढतो. आपल्याकडे काळी माती काही फूट, की खाली कठीण खडक: पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला जुना नाइस. कामठी-कन्हानकडे नदीचा गाळ आहे, तिथलं वेगळं. पण नागपूर म्हणजे अहमदाबाद नव्हे.

उमरेडकर
मे 2024 चे धक्के खाणीतल्या ब्लास्टिंगचे असावेत अशी चर्चा तेव्हाच झाली होती जी. मी खाणपट्ट्यातच राहतो. ब्लास्ट झाला की खिडकीची काच थरथरते, पाठोपाठ आवाज, संपलं. आमच्या घरातल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. सुरुंगालाच भूकंप समजून शहरातले लोक घाबरत असतील तर काय बोलावं?

दगडमाती
उमरेडकर, ते ओळखता येतं. स्फोटात सगळ्या दिशांना जमीन आधी बाहेर ढकलली जाते. भूकंपात एक बाजू दुसरीवर सरकते, म्हणून काही भूकंपमापन केंद्रांवर पहिली हालचाल ढकलण्याची दिसते, काहींवर ओढण्याची. त्यासाठी केंद्रं जवळजवळ हवीत. इतक्या लहान धक्क्याला दूरचं केंद्र पुरत नाही.

नंदनवनकर
मग जवळ जास्त केंद्रं हवीत हे तर तुम्हीच म्हणताय, काका. आणि ते तीन धक्के सुरुंगाचे होते असं धरून चालू. मुलुगू सुरुंग नव्हता.

औशाची_लेक
मी औसा तालुक्यातली, किल्लारी त्याच तालुक्यात. लग्नानंतर इथे आले. 1992 च्या पावसाळ्यात आणि नंतर आमच्या भागात छोटे धक्के यायचे. मी नऊ वर्षांची होते. रात्री जमिनीतून गुरगुर यायची, भांडी पडायची, लोक अंगणात झोपायचे. मग ते थांबलं. थंडी आली, माणसं घरात गेली, वर्ष उलटलं. 1993 ला अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन करून सगळे दमून झोपले आणि पहाटे चारच्या आधी ते झालं.

घरं दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडांची, मधे माती, वर मातीचं माळवद. आत्याच्या घरी गेलो तेव्हा आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या होत्या. चारी बाजूंच्या भिंती तेवढ्या खाली आल्या होत्या, आत झोपलेल्यांवर. काका, तुम्ही म्हणता ते दगडाचं बरोबर असेल. पण किल्लारीच्या खालीही बेसॉल्टच आहे ना? मेले ते भिंतींनी मेले.

दगडमाती
हो, बेसॉल्टच आहे. तो भूकंप अगदी उथळ होता, म्हणून थोड्या गावांवर सगळा जोर आला. जबलपूरचा 1997 चा जवळपास 35 किलोमीटर खोल होता, त्यामुळे दूरवर जाणवला पण तितका संहार झाला नाही. एक मात्र सांगायलाच हवं. 1992 च्या धक्क्यांवरून 1993 चं भाकीत करता येत नव्हतं आणि आजही आलं नसतं. असे झुबके कितीतरी ठिकाणी येतात आणि विरून जातात. पालघरकडे डहाणू-तलासरीत 2018 पासून धक्के येत होते, लोकांनी तंबूत रात्री काढल्या, मोठा भूकंप आला नाही. "मोठा येणार" ही भीती पसरू नये म्हणून मी भांडतो आहे.

नंदनवनकर
भाकीत करता येत नाही म्हणूनच तर मी इमारतीबद्दल बोलते आहे. कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही. खांबात काय आहे ते मात्र आज बघता येतं.

महालवाला
जबलपूरची ती पहाट मला आठवते. मे महिना, आम्ही सगळे गच्चीवर बाजा टाकून झोपलेलो. बाज हलली, मला वाटलं खालून कुत्रं गेलं. तरीही ताई, माझं मत वेगळं आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि लोकांच्या घरात झोपेतच पाणी शिरलं. माणसं गेली. माझ्या मावसभावाचं दुकान गेलं. दर मे महिन्यात ऊन माणसं घेतं. सोसायटीकडे पैसे मोजकेच असतात. ते नाल्याला लावावेत की शंभर वर्षांत एकदा येईल न येईल त्याला?

साइटवाला
वीस वर्षं आरसीसीची कामं घेतो, म्हणून लिहितो. झोन 2 मध्ये साध्या फ्रेमला मुभा आहे, झोन 3 पासून डक्टाइल डिटेलिंग सक्तीचं, म्हणजे खांब-बीम एकदम न तुटता वाकतील अशी सळ्यांची बांधणी. फरक बघायचा तर खांबातल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघा. रिंगेची टोकं 135 अंशात वळवून आत काँक्रीटमध्ये रुतवायची असतात. आपल्याकडे फिटर 90 ला वळवून मोकळा होतो, कारण हात लवकर चालतो आणि कुणी विचारत नाही. खांब जोरात हलला की सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर उडतं, 90 ची रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. जिथे खांब बीमला भेटतो तिथे रिंगा जवळजवळ हव्यात, चार इंचांवर. मी आठ-आठ इंचांवर बांधलेल्या पाहिल्या आहेत. तरण्या वयात स्वतःही बांधून घेतल्या आहेत, आज नाही घेणार.

अहमदाबादला गाळ होता हे काका खरं सांगतात. पण एकाच रस्त्यावर एक पडली आणि शेजारची उभी राहिली, तेही झालं. तळमजला मोकळा असलेल्या कितीतरी पडल्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा असतो, खाली फक्त खांब, त्यामुळे सगळी हालचाल खालच्या मजल्यात होते.

आता ताई, तुम्हालाही एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या त्या दोन भिंती मागच्या बाजूलाच आहेत. एका बाजूला भिंती आणि पुढे नुसते खांब असले की इमारत हलताना पिळवटते आणि पुढचे कोपऱ्यातले खांब जास्त ओढले जातात. भिंती ठेवल्या म्हणजे इमारत सुरक्षित, असं समजू नका. पाडायच्या की पुढेही घालायच्या, की खांबांना जॅकेटिंग करायचं, म्हणजे भोवती नवं लोखंड-काँक्रीट चढवायचं, हे हिशोब करूनच ठरतं.

नंदनवनकर
पिळवटण्याचं मला माहीत नव्हतं. भिंती वाचवल्या की झालं, असंच मी धरून चालले होते. राग कसला, बरं झालं लिहिलंत.

महालवाला दादा, तुमचा पुराचा मुद्दा मला पटतो. पण आमच्या मागच्या दोन खांबांना टाकीच्या गळतीची ओल वर्षानुवर्षं आहे, प्लास्टर पोपडे धरून पडतं आणि आत तांबडं दिसतं. तपासणारा माणूस एकदा आला तर ते गंजलेलं लोखंडही बघेल. वेगळा खर्च कुठे आहे?

महालवाला
तेवढ्यासाठी आणायला हरकत नाही. पण नाल्याचं काम मागे पडू देऊ नका.

दगडमाती
ओल असलेले खांब आहेत हे आधी सांगायचं ना ताई! त्यासाठी भूकंपाची वाट बघायची गरज नाही.

नंदनवनकर
आत्ताच सचिवांशी बोलले. पंधरा दिवस हातोडा लागणार नाही एवढं कबूल करून घेतलं. शनिवारी सकाळी इंजिनिअर येतील, थोडं प्लास्टर काढून आत बघतील. मूळ आरसीसी ड्रॉइंग कुणाकडेच नाही. साइटवाले भाऊ, मी तिथे उभी राहून नेमकं काय विचारू?

साइटवाला
सळ्या किती आणि किती जाडीच्या, रिंगांमधलं अंतर किती, टोकं कशी वळवली आहेत. बीमच्या लगेच खालचा भाग उघडायला सांगा, मधला उघडून उपयोग नाही. पुढच्या कोपऱ्यातला एक खांब आणि मागचा ओला एक, दोन्ही. फोटो काढताना शेजारी टेप धरा.