तापीत पोहायला पोलराइज्ड गॉगल घ्यावा की मिरर?

भुसावळ_जलतरण: तलावात साधा पारदर्शक गॉगल पुरतो. आता तापीत सकाळी ७ ते ९ सराव आहे. प्रवाहाविरुद्ध, म्हणजे पूर्वेकडे जाताना चमकेमुळे काठावरची खूण दिसत नाही. कोणता घेऊ? आणि पोलराइज्ड खरा आहे हे दुकानात कसं ओळखायचं?

गिरणाकाठ: भाऊ, दोघांचं काम वेगळं. पाण्यावरून परतणारा उजेड बराचसा आडवा कंपतो, तो पोलराइज्ड थर अडवतो. मिरर सगळाच उजेड कमी करतो. पोलराइज्डचा सर्वात जास्त फायदा सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असताना होतो. ७ वाजता सूर्य अगदी खाली असतो, तेव्हा गडद मिररच कामाचा. ८ नंतर पोलराइज्ड चांगला. दोन्ही वेळा साधायच्या तर मिररचा लेप असलेला पोलराइज्ड घ्या.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: हा फायदा डोकं समोर उचलून खूण बघतानाच मिळतो. श्वास घ्यायला मान वळवली की काच ९० अंश फिरते आणि बाजूची चमक तशीच आत येते. गॉगल खराब नाही, थराची दिशा बदलते.

ओळखायला लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर गॉगल धरून सावकाश फिरवा. एका कोनात काचा काळ्या पडायला हव्यात, त्याही दोन्ही एकदमच. मागेपुढे पडल्या तर थर तिरका बसलाय, तो घेऊ नका. यूव्ही संरक्षण वेगळं असतं, 'यूव्ही ४००' लिहिलंय का बघा.

धुळे_ओपनवॉटर: पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात किंवा उजाडायच्या आत गडद काच नकोच, पुढचा पोहणाराही दिसत नाही. तेव्हा पारदर्शक किंवा पिवळसर काच.

मापाचं आधी बघा. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलका दाबून सोडा; दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर कड बसते. पाणी नाकाजवळून शिरत असेल तर नाकपट्टी बदला. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड वाकून वाढते.

गिरणाकाठ: सनस्क्रीन भुवईवर आणि कडेखाली लावू नका, कड घसरते. आतली बाजू बोटाने पुसू नका, बाष्प न धरू देणारा लेप निघतो. गोड्या पाण्यात खंगाळून सावलीत वाळवा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलात तर थर सुटून काचेत बुडबुडे दिसू लागतात.