उंची कमी आहे म्हणून पोराला फुटबॉलमध्ये स्ट्रायकर (गोल करणारा पुढचा खेळाडू) होता येणार नाही का?

सातरस्तावाला: मुलगा 14 वर्षांचा. रोज संध्याकाळी मैदानावर गोल करतो, पण निवड चाचणीत उंची बघूनच बाजूला काढलं. रात्री जेवला नाही. मी यंत्रमागावर काम करतो, फुटबॉलमधलं फार कळत नाही. काय सांगू त्याला?

जुळेसोलापूर: दादा, भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री, त्याचं सांगा. उंची पाच फूट सात इंच. 2002 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये, 2005 मध्ये भारताकडून पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल. जून 2024 मध्ये निवृत्त झाला तेव्हा देशासाठी 94 गोल होते. 2025 मध्ये भारतीय संघात पुन्हा बोलावलं, तेव्हा चाळिशी ओलांडली होती! हेडरनेही (चेंडू डोक्याने मारून) गोल करायचा. चेंडू कुठे पडणार हे बचावपटूच्या आधी ओळखायचं, उडी त्यानंतर.

जुना_विंगर: डावा पाय कसा आहे त्याचा? नसेल तर रोज भिंतीवर शंभर वेळा डाव्यानेच मारायला लावा. मी ते केलं नाही, अजून सलतं. आणि दहावी सोडू देऊ नका, गुडघा कधी जाईल सांगता येत नाही.

सातरस्तावाला: डावा कच्चाच आहे. पहाटे पाळीवरून आलो की आजपासून भिंतीसमोर मीच उभा राहतो त्याच्यासोबत.