मेलबर्नच्या थाई हॉटेलात माळकरी माणसानं काय खावं?

अमळनेरची_बाई

आखाजी झाली की आम्ही दोघं लेकाकडे मेलबर्नला चाललोय, आषाढीच्या आत परत. तिकडेच ह्यांना ७५ पूर्ण होतात. लेकानं परस्पर थाई हॉटेलात दहा जणांचं टेबल सांगून ठेवलंय. म्हणतो, "आई, त्यांच्याकडे शेंगदाणे, मिरची, लसूण सगळं आपल्यासारखंच. पप्पांना आवडेल."

ह्यांच्या गळ्यात ४० वर्षं तुळशीची माळ आहे. सखाराम महाराजांच्या दिंडीत कितीदा पंढरपूरला पायी गेलेत. नातवाच्या वाढदिवसाला केक कापतील, पण अंड्याचा असेल तर तोंडात घालणार नाहीत. कांदा-लसूण चालतो, चातुर्मास सोडून. (मला कशाचंच वर्ज्य नाही. माहेर तापीकाठचं. पण ते इथं लिहितेय, घरी बोलत नाही.)

मेनूचा फोटो आलाय, त्यात 'व्हेजिटेरियन' असा वेगळा रकाना आहे. सूनबाई म्हणते, मग काळजी कसली? मला मात्र धाकधूक आहे. कळण्याची भाकरी बांधून घ्यायची का, असं ह्यांनी विचारलंय, आणि ते चेष्टा करत नाहीयेत.

भुसावळ_जंक्शन

ताई, त्या रकान्यावर जाऊ नका.

माझे वडीलही माळकरी. त्यांना तिकडच्याच एका थाई हॉटेलात नेलं होतं, नाव जाऊ द्या. रकान्यातली हिरवी करी मागवली. वडिलांनी दोनदा भात घेतला, वाटी बोटानं पुसून खाल्ली. पैसे देताना मी वाढणाऱ्या पोरीला सहज विचारलं, चव कशानं येते? ती हसून म्हणाली, फिश सॉस. तुकडे नाहीत म्हणजे तिच्या लेखी व्हेज. वडिलांना इंग्रजी येत नाही, पण 'फिश' कळलं. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. दुसरा दिवस नुसत्या पाण्यावर काढला. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

तर मुद्दा असा. नाम प्ला म्हणजे बारीक मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी. आपण मीठ घालतो तसं ते घालतात. हे एक वेळ "घालू नका" म्हणता येतं. पण दुसरी भानगड कपीची. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून तिचा गोळा करतात, आणि तो करीच्या वाटणातच असतो. मिरची, गवती चहा, कुलंजन, लसूण यांच्याबरोबर वाटला गेलेला. लाल, हिरवी, बटाटा-शेंगदाण्याची मसामन, बहुतेक सगळ्यांत. वाटण आधीच करून ठेवलेलं असतं, तुमच्यासाठी ते कोण नव्यानं वाटणार?

म्हणून जे ताटापुरतं तिथल्या तिथं होतं तेच मागवा. सगळ्यात बरं सोम तम. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे, गूळ, लिंबू आणि लवंगीच्या तोडीची मिरची. उखळात ठेचतात, पण भुगा करायचा नाही. एका हातात लाकडी मुसळी, दुसऱ्या हातात चमचा, खालचं वर करत राहायचं. भरताची वांगी आपण बडगीत ठेचतो ना, तोच हात. त्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला घालतात, पण ते ठेचताना, आयत्या वेळी. आधी सांगितलं तर मिठावर भागतं.

धुळेकर_पुण्यात

पाड थाईत अंडं आणि सुकी कोळंबी असते, तेही सांगा. आचारी थाई असेल तर लेकाला 'जे' हा शब्द वापरायला सांगा. पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलेला दिसतो. मासे, मांस, अंडं, दूध काहीच नाही. फुकेतला आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस हाच नेम पाळतात. फक्त त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, मग खानदेशी जिभेला काय उरलं?

आणि एक. पाट कप्राव नावाचं काही टेबलावर आलं तर काकांपासून लांब ठेवा. त्यात मांसाबरोबर परततात ती तुळस असते. आपल्या अंगणातलीच.

अमळनेरची_बाई

परत आलो, कळवायचं राहून गेलं होतं. तुळशीचं मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

लेकानं दोन दिवस आधी फोन करून सगळं बजावलं होतं. तरी भुसावळच्या भाऊंचं वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून मी सरळ मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आचारीणबाई माझ्याच वयाची. भाषेचा प्रश्नच आला नाही. तिनं मातीचं उखळ धुतलं, मला आतून दाखवलं, आणि समोर ठेचलं. मी बोटानं मिरच्या दाखवल्या, पाच. तिनं आधी तीनच घेतल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवल्यावर उरलेल्या दोन टाकल्या.

ह्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. "ठेच्याची भयीन शे," म्हणाले, आणि दुसरी ताटली मागवली. शेवटी आंबा आणि चिकट भात आला, त्यावर नारळाचं खारट-गोड दूध. ते अजिबात पटलं नाही. "आमरसमां मीठ कोन टाकस?"

भाकरी मी नेलीच होती, पर्समध्ये. घरी आल्यावर रात्री अकराला ती लेकानं खाल्ली, लोणच्याशी.