काळ्या मातीचे कप: प्रतिसाद

रानातल्या काळ्या मातीतून खुर्जासारखे (उत्तर प्रदेशातलं चिनीमातीच्या भांड्यांचं गाव) पांढरे कप का होत नाहीत, हा प्रश्न वर आलाय. त्या मातीत लोह आणि चुना भरपूर. चिनीमातीला १२५० अंशांच्या पुढची आच लागते, तिथे आपली माती फुगून वितळते. खुर्जालाही केओलिन (चिनीमातीची पांढरी माती) बाहेरूनच येते, बहुतेक राजस्थान-गुजरातकडून. बोन चायना या चिनीमातीत तर हाडांची राख निम्म्यापर्यंत असते.

मडकी मात्र उत्तम होतात. निव्वळ काळी माती घेऊ नका, वाळताना फार आकसते आणि तडकते. गंगाथडीचा (गोदाकाठचा) पोयटा किंवा तळ्याचा गाळ निम्म्याहून जास्त घ्या, वर चाळलेली राख नि लीद. या मिश्रणाची वडी थापून तिच्यावर १० सेंमीची रेघ मारा नि सावलीत वाळवा. रेघ ९ सेंमीच्या खाली आली तर वाळू मिसळा.

खरा शत्रू चुनखडीचे खडे. ८५०-९०० अंशांना त्यांचा कळीचा चुना होतो, मग हवेतला ओलावा पिऊन ते फुगतात आणि चांगलं भाजलेलं मडकंही चार-आठ दिवसांनी टवके सोडतं. मातीवर लिंबू पिळा. फेस आला तर माती पाण्यात कालवून बारीक फडक्यातून गाळाच, नुसत्या चाळणीने भागत नाही.