गच्चीवरची १२ व्होल्टची एलईडी पट्टी: सगळी बदलायची की दुरुस्त होईल?

गच्चीकर
नमस्कार मंडळी. गच्चीवर पर्गोल्याखाली बसायची जागा आहे. कठड्याच्या कोपिंगखाली (वरच्या फरशीच्या कडेखाली) १२ व्होल्टची वॉर्म व्हाइट पट्टी आहे: ५०५० आकाराचे एलईडी, मीटरला ६०, १४.४ वॅट प्रति मीटर. ५ मीटरचे दोन रोल एकापुढे एक जोडलेत. एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) १०० वॅटचा, जिन्याच्या खोलीत. तिथून पट्टीपर्यंत १२ मीटर वायर, ०.७५ स्क्वेअर एमएम.

पावसाळ्यानंतर तीन तक्रारी आहेत. दुसरा रोल शेवटाकडे मंदावतो. मध्ये दोन ठिकाणी तीन-तीन एलईडी बंद आहेत. जोराच्या सरीनंतर सगळंच दर सेकंदाला चालू-बंद होतं. दिवे चालू असताना एसएमपीएसवर १२.१ आणि पट्टीच्या सुरुवातीला ९.८ व्होल्ट येतात.

शिवाय पर्गोल्यात चार एमआर१६ (१२ व्होल्टचे छोटे स्पॉटलाइट) हॅलोजन होते, प्रत्येकाला वेगळा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. एकात ५ वॅटचा एलईडी बसवला, तो लुकलुकतो. वायरमन म्हणतो सगळं काढून नवीन टाका. दिवाळीच्या आत उरकायचं आहे.

अडीचची_वायर
लोडवर, म्हणजे दिवे चालू ठेवून मोजलंत, निम्मं काम झालं. बिनलोडचे १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत, सडलेल्या जॉइंटमधूनही ते पूर्ण दिसतात.

१२ मीटर जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. ०.७५ ला त्याचा रोध साधारण ०.५६ ओहम. तुमची घसरण २.३ व्होल्ट. सगळा दोष वायरचा धरला तर जेमतेम ४ अँपिअर जातायत. १० मीटर पट्टीला १२ अँपिअर लागतात. म्हणजे पट्टी अर्धपोटी आहे, आणि म्हणूनच तुमचा एसएमपीएस जिवंत आहे! त्याची मर्यादा ८.३ अँपिअर. नुसती जाड वायर टाकलीत तर पट्टी जास्त ओढेल आणि तो मर्यादेला टेकेल. 'वायर बदलली आणि आणखीच बिघडलं' ही तक्रार यातूनच येते.

दुसरा रोल मंद, कारण पट्टीतलं तांबं पातळ असतं. १२ व्होल्टला एका टोकाकडून ५ मीटरच्या पुढे जायचं नाही.

माझं मत: २४ व्होल्टवर या. ७.२ वॅट प्रति मीटर घ्या, कठड्याला १४.४ म्हणजे लग्नाचा मांडव. ७२ वॅट, ३ अँपिअर, २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरवर घसरण अर्धा व्होल्ट. एसएमपीएस १०० वॅट, २४ व्होल्ट.

ओल_आणि_गंज
२४ व्होल्टला विरोध नाही, पण एमआर१६ विसरू नका. ते १२ चे आहेत. कुणीतरी नंतर गच्चीवर '२४ ची लाइन आहेच की' म्हणून त्यांना जोडणार आणि दिवे जळणार. इथे १२ वरही भागतं: ७.२ वॅटची पट्टी, २.५ ची वायर कठड्याच्या मध्यावर आणायची, तिथून ५ मीटर डावीकडे, ५ उजवीकडे. ६ अँपिअरला १ व्होल्ट जाईल, पण दोन्ही बाजूंना सारखाच, त्यामुळे डोळ्याला कळत नाही. जुना एसएमपीएस ७२ वॅटवर आरामात चालेल. त्याचा ॲडजस्टचा स्क्रू पिळून १३ व्होल्ट मात्र करू नका, सुरुवातीचे एलईडी तापून आधी जातील.

दर सेकंदाला चालू-बंद म्हणजे एसएमपीएस शॉर्ट किंवा ओव्हरलोड ओळखून स्वतःला बंद करतोय, पुन्हा प्रयत्न करतोय. पट्टीकडची वायर सोडवा. आता आउटपुट स्थिर असेल तर दोष बाहेर. मग आधी नुसती वायर, नंतर पहिला रोल, मग दुसरा, असं एकेक जोडत जा. पहिला संशयित इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जॉइंट. ओल आत अडकते आणि डीसीमुळे पॉझिटिव्हचं तांबं विरघळत जातं. टेप सोडलीत की लाल वायरीवर हिरवा भुगा दिसेल, काळी तुलनेनं स्वच्छ असेल.

जॉइंट तपासायला तो उघडायच्या आधी मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, दिवे चालू, एक पिन जॉइंटच्या अलीकडे आणि एक पलीकडे. काही मिलिव्होल्ट ठीक. अर्धा व्होल्ट आला तर जॉइंट गेला.

गच्चीकर
जॉइंटवर ०.९ व्होल्ट! टेप चिकट होऊन ओघळलीय.

ओल_आणि_गंज
मग हिशोब बदलला. वायरवर १.४ च जातात, म्हणजे अडीच अँपिअर. जॉइंटमध्ये सव्वादोन वॅट उष्णता होतेय, टेप त्यानेच वितळली.

काळवंडलेलं तांबं सोल्डर धरत नाही, चमकतं येईपर्यंत कापा. सोल्डर करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. मध्यावर आयपी६५ चा (पाण्याचे फवारे सोसणारा) जंक्शन बॉक्स, ग्लँड (वायर आत घेणारं पाणीबंद बूच) खालच्या बाजूला. वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, पाणी तिथून टपकून जाईल. पट्टी सिलिकॉन नळीतली घ्या, टोकाला टोपी आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. ॲल्युमिनियम चॅनल आणि त्याचं दुधी झाकण पाणी रोखत नाही, तळाला ३ मिमीची भोकं पाडा.

तीन एलईडींचा तुकडा: तिन्ही सिरीजमध्ये असतात, एक आतून तुटला की तिन्ही विझतात. कात्रीच्या खुणेवर कापून ५ सेंमीचा तुकडा घालता येतो, पण नवा तुकडा उजळ दिसतो. पट्टी बदलणारच असाल तर हात लावू नका.

अडीचची_वायर
मध्यावरून फीड देणार असाल तर १२ ला माझी हरकत नाही.

एमआर१६ चं कारण ट्रान्सफॉर्मरवरच छापलेलं असेल: '२०–६० वॅट'. किमान २० वॅट लोड हवा, ५ चा एलईडी त्याला पुरत नाही. चारही ट्रान्सफॉर्मर काढा, १२ व्होल्ट डीसीचा ३६ वॅटचा एकच ड्रायव्हर द्या. दिव्यावर एसी/डीसी लिहिलंय ना बघा. दुकानदार ३०० मिलिअँपिअरवाला डाउनलाइटचा ड्रायव्हर हातात देईल, तो नको. पट्टीच्या एसएमपीएसवर हे दिवे लादू नका, ७२ अधिक २० म्हणजे ९२, श्वास घ्यायला जागा उरत नाही.

२३० ची बाजू उघडण्याआधी एमसीबी पाडा. एसएमपीएसच्या अर्थिंगच्या स्क्रूवर खरंच वायर आहे का बघा, बहुतेक वेळा तो रिकामा असतो. गच्चीची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते.

गच्चीकर
अर्थिंगचा स्क्रू रिकामाच निघाला. २.५ ची साधी घरगुती वायर चालेल की केबल?

अडीचची_वायर
पाइपमध्ये असेल तर साधी चालेल. उघड्यावर असेल तर दोन कोअरची काळ्या आवरणाची केबल, पांढरं पीव्हीसी उन्हात तडकतं.