मदत हवी आहे: खानापूर रस्त्यावर सोडून दिलेला कारवानी कुत्रा, गळ्यात दोरी रुतली आहे

पायवाट:
बेळगाव-खानापूर रस्त्याला देसूरच्या पुढे एका बसशेडमध्ये चार दिवसांपासून एक कुत्रा बसून आहे. नर, अंगाने कारवानी (मुधोळ) वळणाचा, फिकट तांबूस, बरगड्या मोजता येतात. गळ्यात तुटलेली निळी नायलॉनची दोरी आहे. मानेच्या खालच्या बाजूला ती कातड्यात रुतलेली दिसते, तिथे ओलं आहे आणि वास येतो. पंधरा फुटांच्या आत कुणी गेलं की उसात पळतो आणि थोड्या वेळाने परत शेडमध्ये येतो. गाडी थांबली की उठून उभा राहतो. शाळेची मुलं ग्लुकोज बिस्किटं टाकतात, ती खातो. पाऊस चालू आहे. आमचं घर शंभर पावलांवर, कंपाउंड आणि लोखंडी गेट आहे. घरी एक कुत्री आहे, तिच्या लसी झालेल्या आहेत.

पकडायचा कसा, खायला काय आणि किती द्यायचं, मानेचं काय करायचं आणि मालक शोधावा का, एवढं सांगा.

माळरान:
ताई, आधी लांबूनच दहा मिनिटं बघा. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, दिसेल त्याला चावायला धावतो, यातलं काहीही असलं तर रेबीजची शंका धरा, जवळ जाऊ नका. मुलांनाही शेडकडे फिरकू देऊ नका आणि जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा. तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही. बिस्किट चावून गिळतोय, माणसाला टाळतोय, म्हणजे बहुतेक नुसता घाबरलाय.

त्याच्या मागे पळू नका. ही जात पळण्यासाठीच घडलीय, उसात शिरला की हाती लागणार नाही आणि उलट्या बाजूला हायवे आहे. फासही टाकू नका, कारण जखम नेमकी मानेवर आहे.

घर जवळ आहे त्याचा फायदा घ्या. रोज ठरलेल्या दोन वेळांना एकाच माणसाने जायचं. खाणं ठेवून दहा-बारा फुटांवर पाठ अर्धी वळवून खाली बसायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हाका मारायच्या नाहीत. ताटली दर वेळी पाच-सात पावलं घराकडे सरकवायची. गेटच्या आत येऊन खायला लागला की पहिल्या दोन वेळा गेट उघडंच ठेवा, त्याला बाहेर जाऊ द्या. तिसऱ्या वेळी गेटला सुतळी बांधून घरातूनच हळू ओढा. धाडकन बंद झालं तर तो कंपाउंडवरून उडी मारेल. पाच फुटांची भिंत मुधोळला काहीच नाही, म्हणून आतल्या बाजूला एखादी पडवी नाहीतर गोठ्याची खोली मोकळी ठेवा.

एक सुचतं. कुत्रा कन्नड घरातला असू शकतो. ‘ये’, ‘बस’ला कान हलत नसतील तर हळू आवाजात ‘बा’ आणि ‘कुंद्रु’ म्हणून बघा.

तिखटमीठ:
मानेला वास येतोय म्हणजे किडे पडलेत. टर्पेंटाईन ओता, एका दिवसात सगळे बाहेर येतात. खरूज असेल तर जळकं ऑईल चोळा.

सुईदोरा:
वरचे दोन्ही उपाय गावात चालतात खरं दोन्ही करू नका. टर्पेंटाईन उघड्या मांसात ओतलं की भाजतं, कुत्रा चावतो आणि आळ्या आणखी आत जातात. जळकं ऑईल कातडीतून अंगात भिनतं, शिवाय तो चाटतो ते पोटात जातं.

दोरी घरी ओढून काढू नका. रुतलेल्या दोरीवर कातडी वाढलेली असते आणि खाली मानेच्या मोठ्या शिरा असतात. भूल देऊन, केस काढून, दोरी तुकड्यातुकड्याने कापावी लागते. दवाखान्यात गेल्याबरोबर डॉक्टरांना सांगा, ‘कारवानी अंगाचा आहे, थायोपेंटोन नको.’ या कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदी कमी, त्यामुळे ती भूल उतरायला फार वेळ लागतो. डॉक्टरांना हे माहीत असतंच, खरं मरतुकड्या कुत्र्याकडे बघून जात लक्षात येत नाही कधीकधी.

दवाखान्यात नेईपर्यंत एवढंच करा: जवळ येऊ देत असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालून ते सुईविना सिरिंजने जखमेवर सोडा. हळद, चुना, फिनेल काही लावू नका. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, तिन्ही कुत्र्याला घातक.

तोंड बांधायची वेळ आली तर दोन इंची बँडेज किंवा सुती ओढणीची पट्टी नाकाच्या मध्यावर गुंडाळून हनुवटीखाली गाठ आणि मग कानामागे गाठ असं करतात. तुमच्याकडे कानामागेच जखम असेल तर हे जमणार नाही. मग डोक्यावर जाड चादर टाका आणि दोघांनी उचला. उलटी होत असेल किंवा धापा टाकत असेल तर तोंड बांधायचं नाही.

पायवाट:
खाण्याचं सांगा ना. आज मुलांनी दोन पुडे बिस्किटं आणि कुणीतरी कुंदा घातला.

माळरान:
आजच बंद करा! उपाशी कुत्र्याला एकदम गोड आणि पिठूळ घातलं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत खेचलं जातं. कुत्रा दोन-तीन दिवसांत लटपटतो, हृदय बंद पडू शकतं. लोक म्हणतात, ‘पोटभर जेवला आणि मेला.’

हिशेब असा. वजन किलोमध्ये, त्याला ३० ने गुणा, ७० मिळवा. तो १८ किलोचा धरला तर ६१० कॅलरी, ही पडून राहणाऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज. पहिल्या दिवशी तिचा पाव भाग, म्हणजे साधारण १५० कॅलरी: दोन उकडलेली अंडी, अर्धं-अर्धं चार वेळा. बस्स, एवढंच. त्याच्या डोळ्यांकडे बघून हात सैल सोडू नका. दुसऱ्या दिवशी निम्मं: दोन अंडी आणि हाडं काढलेलं उकडलेलं १०० ग्रॅम चिकन. तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण आणि त्यात थोडा मऊ भात. भाकरी-आमटी घालणार असाल तर आमटीत कांदा-लसूण नको. दुधाने जुलाब होतात. पाणी मात्र सतत समोर असू दे.

बरगड्यांवरून घाबरू नका. मुधोळच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या धडधाकट असतानाही दिसतात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडं वर आली असतील तर तो खरंच उपाशी आहे.

हात लावू देईल तेव्हा हिरड्या बघा. दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाल्या पाहिजेत. पांढरट हिरड्या आणि अंगावर गोचिड असतील तर गोचिडतापाची रक्ततपासणी करायला सांगा. पिवळ्या असतील तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंका धरा आणि त्याच्या लघवीला उघडा हात लावू नका, तो आजार माणसाला होतो. पावसात तर जास्तच. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजतात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०४ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत असतील तर तो गाठीचा आजार असू शकतो. बहुतेक वेळा आठवड्याला एक अशा काही व्हिन्क्रिस्टिनच्या सुयांनी बरा होतो, त्यामुळे ते बघून सोडून देऊ नका.

ओसरी:
घरातल्या कुत्रीपासून १४ दिवस वेगळा ठेवा. भांडी, पोतं, खराटा सगळं वेगळं. तुम्ही आधी तिचं सगळं उरका, मग त्याच्याकडे जा, नंतर कपडे बदला. पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाचा, विषाणू फिनेलने मरत नाही. आधी घाण धुवून काढा, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं फरशीवर राहू द्या. खाली दोन-तीन कोरडी पोती घाला, या कुत्र्यांची कोपरं लगेच सोलतात.

चावला किंवा नख लागून रक्त आलं तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कातडीत टोचायच्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७, २८. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरम द्यायला सांगा, नुसत्या लसीवर परत येऊ नका.

खुट्टा:
मालकाचं सांगतो. दवाखान्यात मायक्रोचिपचा स्कॅनर आहे का, हे फोनवरच विचारा. चिप दोन खांद्यांच्या मध्ये असते, पण सरकते, म्हणून मान आणि दोन्ही खांदे फिरवून बघायला सांगा. नंबर १५ आकडी असतो.

चिठ्ठी मराठी-कन्नड दोन्हीत लावा: ‘कुत्रा सापडला आहे’ आणि खाली कन्नडमध्ये ‘नायी सिक्किदे’. पहाटे दूध घालायला लोक येतात ती डेअरी, बसशेड आणि आठवडी बाजार, या तीन जागा पुरेत. फोटोत दोरी दिसू देऊ नका, एखादी खूण लपवून ठेवा. जो येईल त्याला ती खूण विचारा, त्याच्या फोनमधला जुना फोटो मागा. कारवानी कुत्र्याला मागणी असते आणि सशा-डुकराच्या शिकारीसाठी नेणारेही येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. फोटो नाही, खूण सांगता येत नाही, तर कुत्रा देऊ नका.

जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! तरी दोरी कापायच्या आधी जखमेचे फोटो काढा आणि पोलिसांत लेखी द्या, मालक उगवलाच तर कागद हाताशी राहतो. एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) २०२३ च्या नियमांनी नसबंदी करून त्याच जागी सोडतात, ते गल्लीतल्या कुत्र्यासाठी ठीक. हा गाड्यांकडे बघत बसणारा घरचा कुत्रा, त्याला परत हायवेवर सोडून काय साधणार?

पायवाट:
आज संध्याकाळी ताटली गेटपासून वीस फुटांवर होती, आला. मान बरी झाल्यावर पट्टा कुठला घ्यावा?

सुईदोरा:
जखम भरेपर्यंत छातीचा हार्नेस. नंतर साधा पट्टा नको. या जातीची मान डोक्यापेक्षा जाड, एक मागे झटका दिला की पट्टा कानांवरून निसटतो. दीड ते दोन इंच रुंदीचा, ओढला की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. पूर्ण आवळल्यावरही खाली दोन बोटं गेली पाहिजेत.